अवजार रुसतं

श्रीवत्सला नोकरीवरून काढलं, तेव्हा कंपनीनं लॅपटॉपही परत घेतला. म्हैसूरच्या घरी अम्माला सांगायचा धीर होईना, म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अवजारांच्या आयुधपूजेला त्यानं माळ्यावरचा जुना, कधीचाच बंद पडलेला लॅपटॉप पुसून देवापुढे ठेवला.

दरवर्षी पूजेच्या दिवशीच ऑफिसातून फोन यायचा आणि आरती संपायच्या आत तो कुंकू लावलेला लॅपटॉप उचलून न्यायचा. "आज तरी हात लावू नकोस. अवजार रुसतं एखाद्या दिवशी," अम्मा चिडायची.

यंदा फोन आलाच नाही. लॅपटॉप दिवसभर शेवंतीच्या फुलांखाली पडून राहिला. "सुधारलास बाबा," अम्मा समाधानानं म्हणाली.

दसऱ्याला सकाळी तिनंच तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "घे. देवाचं नाव घे आणि लाग कामाला."

श्रीवत्सनं झाकण उघडलं. अम्मा स्वयंपाकघरात गेली तरी काळ्या पडद्यासमोर तो बटणं बडवत राहिला, तिला टकटक ऐकू जावी म्हणून.


दारात शेजारीण आली, तशी अम्मानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल गं, त्याचं काम चाललंय."