दोन मीटरची वाट

संजीव बोलायला उठला तेव्हा देवयानीला हायसं वाटलं. आपल्याच वसाहतीतला, मराठी माणूस. निदान हा तरी आपल्या बाजूने बोलेल.

चर्चच्या हॉलमध्ये ओंगार उपनगरातल्या दोन शेजारशेजारच्या वसाहतींमधली तीसेक माणसं ओले कोट मांडीवर घेऊन बसली होती. विषय एकच, दोन वसाहतींच्या मधली भिंत. ती दोन मीटर पाडली की देवयानीच्या वसाहतीतल्या मुलांना पलीकडची शाळा आणि बसथांबा पाच मिनिटांवर येणार होता. आता मोठ्या रस्त्याने वळसा घालावा लागे आणि वळणावर फूटपाथच नव्हता. देवयानी तीन वर्षं या भिंतीच्या मागे लागली होती. ईमेल झाले, सह्या झाल्या. भिंत नक्की कुणाच्या हद्दीत येते हे कळण्यातच एक हिवाळा गेला. आता सगळं जुळून आलं होतं. रहिवाशांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

"हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे," संजीव ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बोलतात तसल्या इंग्रजीत म्हणाला. "वाट उघडली की कोण येतं, कोण जातं, यावर कुणाचंच नियंत्रण राहणार नाही. माझा विरोध आहे."

पुढच्या रांगेतून दोनचार टाळ्या पडल्या.

"काय म्हणाला गं?" दीनानाथांनी विचारलं. देवयानीचे वडील उन्हाळ्यात कराडहून आले होते. इंग्रजी त्यांना जेमतेमच येई.

"भिंत पाडू नका म्हणतोय."

दीनानाथांना ते खरं वाटेना. प्लास्टरमधला हात सांभाळत ते पुढे वाकले आणि भर सभेत मराठीतच बोलले. "का रे संजीव? माझा हात त्या वळणावरच मोडला ना? तू तर भेटायला आला होतास हॉस्पिटलात."

संजीव वरमला. मराठीत शिरताच त्याचा आवाज खाली आला. "काका, माझं घर भिंतीला लागून आहे. मागच्या वर्षी माझ्या गाडीची काच फोडली. तिकडे काउन्सिलची, सरकारी भाड्याची घरं आहेत, वस्ती वेगळी आहे. नसती माणसं रोज माझ्या दारावरून जायला लागली तर निस्तरायचं मलाच. तुम्हाला नाही कळायचं ते."

हॉलमध्ये बाकी कुणालाच काही समजलं नाही. समोर बसलेल्या नगरसेविकेने पेन उचललं. "देवयानी, काय म्हणाले ते? नोंदीत घ्यायला हवं."

संजीवने देवयानीकडे पाहिलं आणि नको म्हणून मान किंचित हलवली.

तिच्याकडे एक गुळगुळीत वाक्य तयार होतं. त्याला पार्किंगची काळजी वाटते, एवढंच. असली वाक्यं तिने आजवर कितीदा तरी केली होती, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. आज तिला त्यांचा कंटाळा आला. तिने सगळं सांगितलं. गाडीची काच सांगितली, काउन्सिलची घरं सांगितली, नसती माणसंही सांगितली. आवाज चढवला नाही आणि काही गाळलंही नाही.

मग मागच्या रांगेतून हॉस्पिटलच्या निळ्या गणवेशातली एक बाई उठली.

"मी बर्नी. मी तिकडचीच," ती म्हणाली. "काच माझ्याही गाडीची फुटली होती. त्याच आठवड्यात." आणि खाली बसली.

दीनानाथ वळून तिच्याकडे बघत राहिले. "देवयानी, हीच ती. मी रस्त्यावर पडलो होतो ना, तेव्हा हिने अंगावरचा कोट काढून मला घातला. अँब्युलन्स येईपर्यंत पावसात माझ्याजवळ बसून होती."

देवयानी त्या दिवशी थेट हॉस्पिटलात पोचली होती. कोट कुणाचा होता हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. दीनानाथांनी एका हाताने नमस्कार केला. बर्नीने स्वतःच्या मनगटाला हात लावून भुवया उंचावल्या. कसं आहे आता?

तेवढ्यात नगरसेविकेने घसा खाकरला. विरोध नोंदला गेल्यामुळे पुन्हा एकदा सगळ्यांची मतं मागवावी लागतील, ती म्हणाली. नवीन वर्षात बघू. सगळ्यांचे आल्याबद्दल आभार, मागे चहा आहे.

देवयानीने चहा घेतला नाही.

बाहेर पाऊस होता. संजीव दारातच थांबला होता. "सगळं सांगायची काय गरज होती?"

"तू बोललास ना ते?"

"मी मराठीत बोललो होतो," तो म्हणाला.

तिने गाडीचं दार उघडलं. बर्नी फाटकापाशी टोपी डोक्यावर ओढून चालत निघाली होती. दीनानाथांनी तिला हाक मारली, तिचं नाव त्यांना जमलं तसं घेऊन, आणि चांगल्या हाताने मागची सीट दाखवली. "ग्रँड, काही नको, मी जाईन चालत," असं दोनदा म्हणून ती बसली.

वळणावर देवयानीने गाडी हळू केली. समोरून एक माणूस कुत्रा घेऊन रस्त्याच्या कडेने येत होता. तो कुंपणाला चिकटून उभा राहिला. गाडी पुढे गेल्यावरच तो हलला.

बर्नीची गल्ली भिंतीशी जाऊन संपत होती. तिचं घर शेवटचं. गाडी थांबली तेव्हा भिंतीवरून पलीकडची एक पिवळी खिडकी दिसत होती.

"अगं, हे आपलंच स्वयंपाकघर की," दीनानाथ काचेला नाक लावून म्हणाले. "दिवा चालूच राहिलाय."

बर्नी आभार मानून उतरली. देवयानीने गाडी मागे घेतली आणि पुन्हा मोठ्या रस्त्याकडे वळवली.