मागे घेतलेल्या चाली

"खरं सांगू का," चॅम्पियन माइकमध्ये म्हणाले, "समोर एक लहानशी मुलगी. म्हटलं, जरा सांभाळून घ्यावं. आणि सांभाळता सांभाळता डावच हातचा गेला."

सभागृह हसलं. बुद्धिबळ क्लबच्या वर्धापनदिनाला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, ते त्यांच्या तरुणपणीच्या त्या गाजलेल्या डावाचं विश्लेषण करायला. भिंतीवरच्या मोठ्या पटावर क्लबचा प्रशिक्षक एकेक मोहरा सरकवून दाखवत होता. चॅम्पियननी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं होतं. त्यावर मुलीनं काय करावं? पार कडेचं प्यादं एक घर पुढे. पटाच्या मध्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हा कसला बचाव, म्हणून तेव्हाही लोक हसले होते. मग ती जिंकली.

ती मुलगी आता निवृत्त दंतवैद्य होती आणि दुसऱ्या रांगेत नवऱ्याशेजारी बसली होती. सांभाळून घेतल्याची गोष्ट तिच्या कानावर इतक्यांदा आली होती, की सुरुवातीला तिनंही ती खरी धरली आणि पुढच्या स्पर्धांना गेलीच नाही. डाव मात्र सुटला नाही. दुपारी दवाखाना रिकामा झाला की ती पट मांडायची आणि चॅम्पियनच्या बाजूनं बसायची. त्यांना जिंकवून द्यायचा जिवापाड प्रयत्न करायची.

"खरंच सोडला होता का गं डाव त्यांनी?" नवऱ्यानं हळूच विचारलं. हत्ती सरळ जातो, यापलीकडे त्याला या खेळातलं काही कळत नव्हतं.

"विचारून येते," ती म्हणाली आणि उठली.

मंचावर जाऊन तिनं नमस्कार केला. "साहेब, मला सांभाळून घेण्यासाठी तुम्ही कुठली चाल केलीत, तेवढी दाखवा. आपण ती मागे घेऊ. तिथून पुढे पुन्हा खेळू."

"अहो डॉक्टर, आता कशाला जुनं उकरून काढायचं?"

"जन्मभर तेच केलंय हो. बसा ना, दुखणार नाही."

या वेळचं हसू तिच्या बाजूचं होतं. प्रशिक्षकानं टेबल आणलं, पट मांडला. चॅम्पियननी क्षणभर पाहून डावाच्या मध्यावरची एक चाल मागे घेतली. "इथं मी प्यादं रेटलं. घोडा आणायला हवा होता."

त्यांनी घोडा आणला. तिनं फार विचार न करता आपला हत्ती त्या घोड्यावर ओवाळून टाकला. प्रेक्षकांत कुणीतरी च्च केलं. पण घोडा हलताच कोपऱ्यातल्या तिच्या उंटाची तिरकी वाट मोकळी झाली होती आणि त्या वाटेच्या टोकाला पांढरा राजा उभा होता. चार चालींत चॅम्पियननी हात वर केले.

"थांबा," ते म्हणाले. "चूक आधीची आहे. राजा या बाजूला न्यायलाच नको होता."

त्यांनी आणखी मागे जाऊन राजा मध्येच ठेवला. तिनं मधलं प्यादं पुढे घातलं आणि पट उघडा केला. इतका वेळ ज्यांच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं, ती मधली घरं आता तिची झाली. राजाला वाचवताना वजीर गेला.

"कोण जिंकतंय?" नवऱ्यानं शेजारच्याला विचारलं.

"बाई. दुसऱ्यांदा."

नवरा सरसावून बसला. शेजाऱ्याला सांगावं की नाही, याचा त्यानं जरा वेळ विचार केला आणि सांगून टाकलं, "आमच्या आहेत त्या."

चॅम्पियननी कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. आता ते प्रेक्षकांकडे पाहत नव्हते. "हा तुमचा उंटच सगळा घोळ करतोय. त्यालाच काढतो," म्हणत ते आणखी मागे गेले आणि उंटाला उंट देऊन मोकळे झाले. हे खरंच चांगलं होतं. तिच्या कपाळावर आठी पडली. दवाखान्यात दुपारी पट मांडला की हीच चाल तिला सगळ्यात जास्त छळायची. मोहरे एकेक करून उतरत गेले. पट जवळजवळ रिकामा झाला आणि डाव बरोबरीत सुटतो असं वाटत असताना, ज्याला सगळे हसले होते ते कडेचं प्यादं चालायला लागलं. एकेक घर. पांढरा राजा त्याच्यामागे धावला. एका घरानं कमी पडला, आणि प्याद्याचा वजीर झाला.

चॅम्पियननी आपला राजा आडवा केला. मग माइक स्वतःच जवळ ओढला.

"मी कुणालाही सांभाळून घेतलं नव्हतं," ते म्हणाले. "मला काही सुचलंच नव्हतं. आणि हे सांगायची लाज वाटली."

टाळ्या कुठून सुरू झाल्या ते कळलं नाही. पाठीमागचे लोक उभे राहिले, मग पुढचेही. नवरा तर केव्हाचाच उभा होता. ती मात्र बसूनच होती. मग तिला हसू आलं, आणि ते काही केल्या आवरेना.

टाळ्या ओसरल्या तरी चॅम्पियन उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी पट धरला आणि सावकाश फिरवला. काळे मोहरे त्यांच्याकडे आले.

"आता हे मला द्या."

"जिंकायला, की शिकायला?"

"शिकायला," चॅम्पियन म्हणाले.

"मग घाई करायची नाही." तिनं आडवा पडलेला पांढरा राजा उचलला आणि त्याच्या घरात नीट उभा केला.