लेकीची मॅच

मैदानाच्या दारात सर्जेरावांपुढे बाबासो येऊन उभे राहिले. हे विरुद्ध तालमीच्या फुटबॉल संघाचे कट्टर समर्थक, आणि आज सर्जेरावांच्या तालमीकडून त्यांचाच संघ हरला होता. आता भांडण होणार म्हणून सर्जेरावांनी बाह्या सरसावल्या.

पण बाबासो म्हणाले, “मॅच सोडा हो. तुमची तेजल काय डाव्या पायानं गोल मारती! शाळेच्या फायनलला मी होतो, माझी पुतणी तिच्याच संघात. तुम्ही कुठं दिसला नाही?”

तेव्हा सर्जेराव तालमीच्या संघामागं गोव्याला गेले होते. त्याआधी मिरजेला, पुण्याला. संघाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. लेकीचा एकही पाहिला नव्हता.

घरी येताच ते तिच्यासमोर बसले. “तेजा, तुझी पुढची मॅच कधी? मी ढोल घेऊन येतो बघ.”

दहावीच्या पुस्तकातून तिनं मान वर केली.

“ती शेवटचीच होती, पप्पा. तुम्ही गोव्याला निघताना मी सांगितलं होतं की. कॉलेजात मुलींचा संघच नाही.”

बाहेर चौकात विजयाचे फटाके फुटत होते. पोरं त्यांना हाका मारत होती. सर्जेरावांना उठवेना.