कशाच्या पावलांनी?

सासूबाई गेल्यापासून आमच्या मल्लेश्वरमच्या घरी गौर मी आत आणते आणि विचारायचं काम सासऱ्यांकडे, म्हणजे नानांकडे असतं. यंदाही ओल्या कुंकवात मूठ बुडवून मी दारापासून देवघरापर्यंत इवली इवली पावलं उमटवली.

नानांनी विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्यारुप्याच्या पावलांनी आली!"

गौर बसवून मागे वळले, तर माझ्या पावलांच्या मधोमध एक मोठा लाल ठसा. मी वैतागलेच. "नाना, कुंकू तुडवलंत ना?"

"छे गं कस्तुरी, स्वल्पसुद्धा नाही. कडेकडेनं आलो."

पुसायला फडकं घेऊन वाकले, तर ते कुंकू नव्हतं. नानांना बळंच खुर्चीत बसवून पाय उचलून पाहिला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती. वीस वर्षांच्या शुगरने पायातली जाणीवच नेली होती, त्यांना काही कळलंही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस उशीर झाला असता, तर पाय काढावा लागला असता."

तीन आठवड्यांनी नाना काठी टेकत घरी आले. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मी दारात आडवा हात धरला.

"नाना आले, कशाच्या पावलांनी आले?"

नानांनी आधी पट्टी बांधलेला पाय उंबऱ्याच्या आत टाकला, मग दुसरा. दोन्हींकडे नीट बघून घेतलं.

"माझ्याच गं. दोन्ही माझ्याच."