कमानीच्या अलीकडे

देवळाच्या लाकडी कमानीपाशी तोमिए पोचली, आणि मागून येणाऱ्या बाराजणी आपोआप थांबल्या.

उद्यापासून समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायचे दिवस सुरू होणार होते. त्याआधी समुद्रदेवीला हात जोडून तिचा ताईत घेऊन यायचं, ही त्या बायकांची रीत.

"तू इथंच बस गं," किनुयो हळूच म्हणाली. "पन्नास दिवस व्हायचेत अजून. तुझा ताईत मी आणते."

"कसले पन्नास दिवस?"

तोमिएच्या नवऱ्याची, इसाकुची होडी रिकामी सापडली, त्याला एकवीस दिवस झाले होते. इसाकु सापडला नव्हता. सुतक पन्नास दिवसांचं, आणि सुतकातल्या माणसाने कमानीखालून जायचं नाही, एवढं गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

"माझ्या घरी कुणी गेलेलं नाही," तोमिए म्हणाली. "उशीर करायची खोडच आहे त्याला. आमच्या लग्नात नाही का, मासे गार झाल्यावर उगवला होता?"

"आणि वर दोनदा भात मागून घेतला," किनुयो म्हणाली. दोघींना हसू आलं. ते लगेच ओसरलं.

आत पुजारी पाचोळा लोटत होता. त्याने झाडू थांबवला. "तोमिएबाई, सुतक नसेल तर या की. अडवलंय कुणी?"

कुणीच अडवलं नव्हतं. पंधरा पावलं, आणि मग देवीला म्हणायचं, त्याला घरी धाड. दुसरं काही मागायचं नव्हतं.

तिने पाऊल उचललं. शेजारी किनुयोची सून उभी होती, चिनामी. तिचं हे पहिलंच वर्ष. डोक्याच्या पांढऱ्या रुमालाची घडीसुद्धा मोडली नव्हती. देवीला विटाळ झाला, तर उद्या तिच्याच पाण्यात या पोरीला खाली उतरायचं होतं. पोरगी नुसती तोमिएच्या पायांकडे बघत राहिली.

तोमिए बाजूला झाली.

"जा गं तुम्ही. आणि किनुयो, पोरीला नीट वाकायला शिकव, बगळ्यासारखी उभी राहते."

एकेक करून बाराजणी आत गेल्या. थोड्या वेळाने आतून देवीपुढे वाजवायच्या त्यांच्या दोन टाळ्या ऐकू आल्या, एकदम, खणखणीत.

कमानीबाहेर तोमिएनेही हात उचलले. गेलेल्या माणसासाठी वाजवतात तशा तिने दोन टाळ्या वाजवल्या, तळव्यांचा आवाज होऊ न देता.