व्हॅनवरचा नंबर

गुडघे गेल्यावर वेंडेलनं हीटर-एसी बसवण्याचं आपलं लायसन्स एका कंपनीला वापरायला दिलं. त्यांच्या व्हॅनवर त्याचा लायसन्स नंबर रंगवला गेला. त्यानं प्रत्येक काम जाऊन तपासायचं आणि मग सही करायची, असं ठरलं होतं. तो घरबसल्याच सही करायचा. दर वेळी मन खायचं, तरी करायचा.

टेक्सासच्या कडाक्याच्या थंडीत माळ्यावर बसवलेल्या नव्या हीटरच्या विषारी धुरानं त्याची बहीण ओपल बेशुद्ध पडली. हॉस्पिटलात तिनं डोळे उघडताच तो खेकसला, "कुठल्या भुरट्यांकडून हीटर बसवून घेतलास गं? मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तसल्या गुडघ्यांनी शिडी चढला असतास," ती क्षीण हसली. "पण व्हॅनवर तुझाच नंबर आहे ना, ते बघूनच त्यांना काम दिलं हो.

तू थोडाच न तपासता सही करणार आहेस!"