हात मांडीवर, पाय ब्रेकवर

टाळ्या वाजवता वाजवता बाईंनी मागे वळून पाहिलं. कुणासाठी चाललंय हे? मागे फक्त भिंत होती. मग लक्षात आलं, सगळी स्टाफरूम त्यांच्याकडेच बघतेय.

तपासणीला आलेले साहेब टॅबवरून अजून वाचतच होते. इंग्रजी शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात प्रश्न होता, विद्यार्थी चुकला तर तुम्ही काय करता? उत्तराखाली बाईंचं नाव होतं : "मी त्याच्या हातातलं स्टिअरिंग कधीच ओढून घेत नाही. माझे हात मांडीवर असतात आणि पाय ब्रेकवर. समोर खरंच ट्रक आला तरच दाबते."

"काय उपमा आहे!" साहेब म्हणाले. "आता हेच आठवी ब मध्ये दाखवा. दहा मिनिटांत येतो."

बाई फोन घेऊन जिन्याखाली पळाल्या. चाळीस तासांचा तो कोर्स त्यांनी नवऱ्याच्या गळ्यात मारला होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो घरीच होता. त्याआधी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, माणसांना गाडी शिकवायचा. पासवर्ड देऊन बाईंनी बजावलं होतं, बघू नका, वाचू नका, नुसतं पुढे पुढे दाबत राहा.

"अहो, काय लिहून ठेवलंय तुम्ही?"

"प्रश्न विचारला होता. उत्तर दिलं. मराठी चालेल असं म्हटलं होतं, म्हणून आपल्या भाषेत लिहिलं. क्रियापदं मात्र तुला शोभतील अशी लावली हं."

"अहो, साहेब वर्गात येतायत! मी काय करू?"

"लिहिलंय ते कर. हात मांडीवर. आणि तोंड बंद."

तोंड बंद! सत्तावीस वर्षांत आठवी ब मधल्या एकाही मुलाला बाईंनी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. चूक दिसली की त्या झडप घालायच्या. त्यामुळे वर्गात इंग्रजी फक्त बाईच बोलायच्या.

साहेब मागच्या बाकावर बसले. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, घरात घडलेली एखादी गंमत सांगा. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचा आवाज बाईंनी फक्त हजेरीला ऐकला होता.

"माय ग्रँडफादर गोएड टू बार्बर," ती म्हणाली.

बाईंनी दुरुस्ती जिभेवरच अडवली.

"ही स्लीपिंग. बार्बर कटिंग, कटिंग. मुस्टॅश गॉन!"

बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "फुल ऑर हाफ?"

"हाफ!"

वर्गात हशा पिकला. मग एकाचा काका, दुसरीची मावशी, तिसऱ्याचं मांजर. पंचवीस मिनिटं मोडकंतोडकं इंग्रजी धो धो वाहत होतं. बाईंनी एकदाही ब्रेक दाबला नाही. आणि आपण इतकी वर्षं काय करत होतो, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं.

तास संपल्यावर साहेबांनी त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. "तुमचं उत्तर फोटोसकट वेबसाइटवर टाकतो. सगळ्या शिक्षकांना कळू दे."

इथं मात्र बाईंच्यानं राहवलं नाही. "साहेब, ते उत्तर माझं नाही. कोर्स माझ्या मिस्टरांनी केला. ते गाडी शिकवायचे. काय कारवाई करायची ती करा."

साहेबांनी चष्मा काढला. उठून दार लावून आले.

"मॅडम, दोनशे बारा शिक्षकांची उत्तरं आलीत. त्यातल्या दोनशे अकरा जणांनी इंटरनेटवरचा एकच परिच्छेद जसाच्या तसा उतरवलाय. आणि ज्या एकानं स्वतःचं डोकं चालवलं, तो शिक्षकच नाही, हे मी वर कोणत्या तोंडानं कळवू?"